लेबलं अनेक, माग तीनच

चार-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. सोलापुरात जोडबसवण्णा चौकाजवळ माझं दुकान आहे. एकेकाळी बोर्डावर 'नेट कॅफे' होतं, आता 'झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म' आहे. संध्याकाळी एक मुलगी आली. कुठल्याशा भरतीचा फॉर्म, उद्या शेवटची तारीख, आणि हातात दादाचा जुना आयफोन.

"काका, जन्मतारीख घेईना की ओ. टाकली की 'इनव्हॅलिड डेट' म्हणतंय."

"सफारीत उघडलीस ना? क्रोम टाक, होतंय बघ."

हा माझा कित्येक वर्षांचा रामबाण. तिनं दुकानाच्या वायफायवर क्रोम उतरवून घेतलं, बिचारीनं सगळा फॉर्म पहिल्यापासून भरला आणि तारखेच्या चौकटीत लिहिलं, ०७-०५-२००४. इनव्हॅलिड डेट.

मग तोच फॉर्म दुकानातल्या कॉम्प्युटरवर, तिथल्या क्रोममध्ये भरला. घेतली की तारीख! पैसे भरायच्या आधी प्रिव्ह्यू बघायची सवय आहे म्हणून वाचलो. छापून आलं होतं, ५ जुलै २००४. पोरीचा जन्म ७ मेचा.

फॉर्म एक, क्रोम दोन. एकानं तारीख नाकारली, दुसऱ्यानं गुपचूप बदलली. त्या रात्री शटर ओढल्यावर मी याचा छडा लावत बसलो. धागा उसवत गेलो तो थेट १९९८ पर्यंत पोचलो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. ब्राउझर म्हणजे आपल्याला दिसणारी खिडकी. वर पत्ता लिहायची पट्टी, टॅब, मागे-पुढे जायचे बाण, बुकमार्क. ही सगळी बाहेरची मांडणी. पान प्रत्यक्ष तयार करून दाखवणारा भाग आत असतो आणि त्याला इंजिन म्हणतात. क्रोम, सफारी, फायरफॉक्स, एज ही ब्राउझरची नावं. ब्लिंक, वेबकिट, गेको ही इंजिनांची. पहिली नावं सगळ्यांना माहीत, दुसरी कुणालाच नाही.

सोलापूरकराला हे समजावणं सोपं आहे. माझे वडील पूर्व भागात जेकार्ड चादरीच्या कारखान्यात मागावर होते. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पत्त्यांची माळ फिरायची. भोक असेल तिथली सुई आत जाते आणि तिच्याशी जोडलेला उभा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथला धागा खालीच राहतो. मधून धोटा आडवा धागा घेऊन पळतो. हजारो वेळा हे झालं की चादरीवर मोर उमटतो. मोर ना धाग्यात असतो ना मागात, तो असतो पत्त्यांत.

वेबसाइटचंही तसंच आहे. ती तुम्हाला विणलेली चादर पाठवत नाही, पत्त्यांची माळ पाठवते. इथे मथळा, इथे चौकट, या चौकटीचा रंग हा, बटण दाबलं की हे करा, अशा सूचनांच्या फायली येतात आणि चादर तुमच्या फोनमध्ये विणली जाते. विणणारा माग म्हणजे इंजिन. ते आधी सूचना वाचून वंशावळीसारखं एक झाड मांडतं. मग प्रत्येक फांदीला रंग-आकार चिकटवतं, कोण किती जागा घेणार याचा हिशेब करतं आणि शेवटी पडद्यावर ठिपके रंगवतं. हालचाल आणि आकडेमोड सांभाळायला जावास्क्रिप्ट या भाषेचं वेगळं इंजिन शेजारी जुंपलेलं असतं. बोट वर सरकवलं, फोन आडवा धरला, की यातलं बरंचसं पुन्हा करायचं, तेही डोळ्याला झटका न जाणवता.

हे किती किचकट आहे ते एका शब्दावरून बघा. 'सिद्धेश्वर'. आपल्याला दिसतात चार-पाच अक्षरं, फाइलमध्ये असतात दहा तुकडे: स, ऱ्हस्व वेलांटी, द, हलन्त, ध, मात्रा, श, हलन्त, व, र. वेलांटी साठवलेली असते स च्या नंतर, पण काढायची असते स च्या आधी. द आणि ध यांना हलन्तानं बांधलंय, म्हणून दोघांच्या जागी 'द्ध' हा तिसराच आकार शोधून आणायचा. त्या जोडाक्षरावर मात्रा कुठे बसवायची हे फॉन्टला विचारायचं. इंग्रजीत असला खटाटोप जवळपास नाही. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये हे काम हार्फबझ नावाचा एक ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे असा, प्रोग्राम करतो. २००२ साली मी कॅफे टाकला तेव्हा दुकानातल्या मशीनवर देवनागरी चालू करायला वेगळी फाइल टाकावी लागायची. ती टाकलेली नसली की वेलांटी स च्या उजवीकडे लोंबकळायची आणि द खाली पाय मोडलेला दिसायचा. ग्रामदैवताच्या नावाचे ते हाल बघवायचे नाहीत.

असो. आता इतिहास.

१९९० च्या दशकाच्या मध्याला नेटस्केप हा ब्राउझर राजा होता. मायक्रोसॉफ्टनं विंडोजबरोबर इंटरनेट एक्सप्लोरर फुकट द्यायला सुरुवात केली आणि नेटस्केपचा धंदा बसला. तेव्हा नेटस्केपनं एक धाडस केलं. ३१ मार्च १९९८ रोजी आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड जगाला खुला करून टाकला. प्रकल्पाचं नाव मोझिला. पण आत डोकावल्यावर लोकांच्या लक्षात आलं की हा जुना माग दुरुस्त करण्यात अर्थ नाही. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात ठरलं की जुनं इंजिन टाकायचं आणि नवं, पुढे ज्याचं नाव गेको पडलं ते, वापरायचं. सगळं पहिल्यापासून लिहिणं म्हणजे काय हे घर पाडून बांधणाऱ्याला विचारा. मोझिला १.० यायला जून २००२ उजाडलं. फायरफॉक्स १.० आला तो ९ नोव्हेंबर २००४ ला.

मधल्या काळात मैदान मोकळं होतं. ऑगस्ट २००१ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला, दहातले नऊ जण मायक्रोसॉफ्टचाच ब्राउझर वापरू लागले, आणि कंपनीनं पुढची आवृत्ती काढली ती थेट ऑक्टोबर २००६ मध्ये. पाच वर्षं! स्पर्धकच नाही म्हटल्यावर घाई कसली? या पाच वर्षांत वेबसाइट बनवणाऱ्यांना एक वाईट खोड लागली. वेबची नियमावली वाचायच्या ऐवजी ते 'एक्सप्लोररमध्ये नीट दिसतंय का' एवढंच बघायचे. एक्सप्लोररची चूक हाच नियम झाला. ही खोड लक्षात ठेवा, तारखेच्या घोटाळ्याचं मूळ तिथंच आहे.

खरी गंमत मात्र तिसरीकडेच चालू होती. केडीई हा लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी डेस्कटॉप बनवणाऱ्या हौशी प्रोग्रामरांचा गट. १९९६ साली जर्मनीत सुरू झालेला. त्यांनाही स्वतःचा ब्राउझर हवा होता. १९९९ च्या सुमारास लार्स क्नोल यानं त्यांचं इंजिन बहुतांशी नव्यानं लिहायला घेतलं. नाव केएचटीएमएल. हारी पोर्टेननं जावास्क्रिप्टची बाजू सांभाळली. ऑक्टोबर २००० मध्ये केडीई २ बरोबर त्यांचा ब्राउझर बाहेर पडला, त्याचं नाव कॉंकरर. आधी नेटस्केपचा नेव्हिगेटर म्हणजे वाट दाखवणारा, मग एक्सप्लोरर म्हणजे शोध घेणारा, मग कॉंकरर म्हणजे जिंकून घेणारा. नाव ठेवणाऱ्याला विनोदाचं अंग होतं. जिंकलं मात्र कुणीच नाही, कारण लिनक्सवाले सोडले तर त्याची कुणाला खबरच नव्हती.

खबर एका ठिकाणी पोचली होती. ॲपलला स्वतःचा ब्राउझर काढायचा होता. २००१ मध्ये त्यांनी डॉन मेल्टन याच्याकडे हे काम दिलं. तो आधी नेटस्केपमध्येच होता, म्हणजे गेको त्याला घरचं. तरी त्याच्या गटानं गेको बाजूला ठेवून केएचटीएमएल निवडलं. ७ जानेवारी २००३ रोजी स्टीव्ह जॉब्सनी सफारी जाहीर केला आणि त्याच दिवशी मेल्टनचं पत्र केडीईवाल्यांना गेलं. आम्ही तुमचा कोड वापरलाय, तो स्वच्छ आहे, आटोपशीर आहे, सगळा मिळून १ लाख ४० हजार ओळींच्या आतला आहे, असा त्याचा आशय. रिकाम्या वेळात लिहिलेला कोड, आणि तो न्यायला ॲपल दारात! केडीईवाले हरखून गेले.

हा आनंद फार टिकला नाही. पुढे जे घडलं ते ओपन सोर्सबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकानं वाचायला हवं.

केएचटीएमएलचा परवाना एलजीपीएल होता. त्याचा मतितार्थ असा की कोड घ्या, बदला, विकायच्या वस्तूत वापरा, पण या कोडमध्ये केलेले बदल त्याच अटींवर खुले ठेवा. ॲपलनं ही अट पाळली, अक्षरशः पाळली. सफारीची नवी आवृत्ती आली की बदललेल्या कोडचं मोठं गाठोडं बाहेर ठेवलं जायचं. पण कुठला बदल कशासाठी केला, आधी कुठला, नंतर कुठला, याचा पत्ता नाही. मागाच्या भाषेत सांगायचं तर पत्ते परत दिले, पण माळ तोडून, पोत्यात भरून. आता कोणता पत्ता कुठला ते तुमचं तुम्ही लावा. केडीईच्या हौशी मंडळींना रिकाम्या संध्याकाळी ते जुळवणं शक्यच नव्हतं. त्यात बाहेरून लोक विचारायचे, ॲपल इतकं देतंय तर तुमचा कॉंकरर मागे का?

एप्रिल २००५ मध्ये ॲसिड-२ नावाची चाचणी आली. इंजिन नियमांप्रमाणे चालत असेल तर पडद्यावर एक हसरा चेहरा उमटायचा, नाहीतर नुसता राडा. ॲपलच्या डेव्ह हायॅटनं पंधरवड्यात सफारीच्या इंजिनात तो चेहरा उमटवून दाखवला. लगेच लोकांनी गृहीत धरलं की आता कॉंकररमध्येही तो आपोआप येणार. तेव्हा केडीईवाल्यांच्या संयमाचा बांध फुटला आणि त्यांनी जाहीरपणे सांगून टाकलं की हे सहकार्य वगैरे काही नाही. माझ्या मते त्यांचा राग शंभर टक्के रास्त होता. कागदावर ॲपलची चूक शून्य, तरीही रास्त.

या बोंबेचा परिणाम झाला. ७ जून २००५ रोजी ॲपलनं वेबकिट या नावानं सगळा प्रकल्पच उघडा केला. प्रत्येक बदल कधी, कुणी, का केला ते कुणालाही दिसावं, बाहेरच्यांनीही दुरुस्त्या पाठवाव्यात. कोड खुला असणं वेगळं आणि काम उघड्यावर चालणं वेगळं. या दिवसापासून वेबकिटचं काम उघड्यावर चालू लागलं.

आणि मग ते पसरलं. नोकियाच्या एस-६० फोनांत गेलं, २००७ मध्ये आयफोनबरोबर खिशात आलं, अँड्रॉइडनं घेतलं. २ सप्टेंबर २००८ ला गूगलनं क्रोम काढला. त्यातही माग वेबकिटचाच. जावास्क्रिप्टचं इंजिन तेवढं त्यांनी स्वतःचं बनवलं, व्ही-८. आणि प्रत्येक टॅब शक्यतो स्वतंत्र खोलीत ठेवायची रचना केली, म्हणजे एक टॅब मेला तर सगळा ब्राउझर मरू नये. कॅफे चालवणाऱ्याला याचं अप्रूप विचारा. त्याआधी एका गिऱ्हाइकाच्या पाच खिडक्या एकदम जायच्या आणि तो अर्ध्या तासाचे पैसे द्यायला तयार नसायचा.

एकाच मागावर दोन मालक फार दिवस नांदत नाहीत. खोल्या कशा पाडायच्या यावर ॲपलची पद्धत वेगळी, गूगलची वेगळी, आणि दोघांची सोय बघता बघता कोड फुगत चाललेला. ३ एप्रिल २०१३ रोजी गूगलनं वेबकिटला फाटा फोडला आणि आपल्या फाट्याचं नाव ठेवलं ब्लिंक. वेगळं झाल्यावर आम्हाला नको असलेल्या ७ हजारांहून जास्त फायली आणि ४५ लाखांहून जास्त ओळी काढता येतील, असं त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. आठवतंय ना, मूळ केएचटीएमएल १ लाख ४० हजार ओळींच्या आत होतं. नुसती अडगळच मूळ घराच्या तीस पटींहून मोठी!

ऑपेरानं त्याच सुमारास आपलं प्रेस्टो इंजिन बंद करून हीच वाट धरली. विवाल्डी, ब्रेव्ह, सॅमसंगचा ब्राउझर, सगळे याच मागावरचे. आणि डिसेंबर २०१८ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की आपला एज ब्राउझर आता क्रोमियमवर (क्रोमच्या खुल्या कोडवर), म्हणजे ब्लिंकवर चालणार. जानेवारी २०२० मध्ये तो आलाही. ज्या कंपनीनं नेटस्केपला घरी बसवलं, ती आज केएचटीएमएलच्या नातवावर कोड लिहिते.

ही सगळी वंशावळ एका ओळीत बघायला मिळते. ब्राउझर कुठल्याही साइटकडे पान मागताना आपली ओळख सांगतो. कॉम्प्युटरवरचा क्रोम जे सांगतो ते साधारण असं: मोझिला ५.०, विंडोज अमुक, ॲपलवेबकिट ५३७.३६, केएचटीएमएल, लाइक गेको, क्रोम तमुक, सफारी ५३७.३६. लग्नाच्या मांडवात कुणी अडवलं की 'मी अमक्याचा भाचा, तमक्याचा साडू, आणि फलाण्याच्या शेजारचा' म्हणत आत घुसावं तसं. झालं होतं असं की साइटवाले नाव बघून पान द्यायचे. एक्सप्लोरर आला तेव्हा त्यानं मोझिला (नेटस्केप तेव्हाही याच नावानं ओळख सांगायचा) असल्याची बतावणी केली, कारण चांगली पानं त्यालाच मिळायची. केएचटीएमएलच्या घराण्यात 'गेकोसारखाच आहे बरं का' जोडलं गेलं. क्रोमनं सफारीचं उचललं, एजनं क्रोमचं उचलून शेपटाला आपलं नाव लावलं. तो ५३७.३६ आकडा २०१३ च्या वाटणीच्या वेळचा. तेव्हापासून क्रोममध्ये तो गोठलाय.

आज जगभर वापरात असलेले मोठे माग तीनच. ब्लिंक, वेबकिट आणि गेको. पहिले दोन एकाच आजोबाचे. गेको एकटा पडलाय. मोझिलानं रस्ट नावाची नवी भाषा हाताशी धरून सर्वो हे इंजिन प्रयोग म्हणून सुरू केलं. त्यातले काही भाग नोव्हेंबर २०१७ च्या फायरफॉक्समध्ये आलेही. पण ऑगस्ट २०२० च्या नोकरकपातीत सर्वोचा गट गेला. आता तो प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. आंद्रेआस क्लिंग नावाचा गृहस्थ, जो पूर्वी ॲपलमध्ये वेबकिटवर काम करायचा, तो लेडीबर्ड नावाचा ब्राउझर, इंजिनासकट, दुसऱ्या कुठल्याही ब्राउझरचा कोड न घेता लिहितोय. आजोबांचं म्हणाल, तर केडीईनं २०२४ च्या आपल्या नव्या संचातून केएचटीएमएल काढून टाकलं. कॉंकरर आहे अजून, पण त्याच्या आत आता क्रोमियम चालतं. म्हातारा नातवाच्या घरी राहायला गेला.

आता त्या मुलीचा आयफोन. ॲपलचा नियम असा की आयफोनवर ब्राउझर कुणाचाही असो, आत माग वेबकिटचाच हवा. युरोपीय संघानं कायदा केल्यावर मार्च २०२४ पासून तिकडे सूट द्यावी लागली, पण ही गोष्ट त्याआधीची आणि सोलापुरातली. म्हणजे तिनं क्रोम उतरवला तेव्हा चादरीवरचं लेबल बदललं, माग तोच राहिला. म्हणून तीच 'इनव्हॅलिड डेट'. माझा रामबाण तिथं लागूच नव्हता आणि मी तो इतकी वर्षं आयफोनवाल्यांनाही देत होतो.

आणि तारीख? जावास्क्रिप्टच्या नियमावलीनुसार तारीख ओळखण्याची साधी सर्वमान्य पद्धत एकच: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. दुसऱ्या कुठल्याही पद्धतीनं लिहिलेल्या आकड्यांचं काय करायचं ते ज्या-त्या इंजिनावर सोडलंय. ०७-०५-२००४ बघून त्या जुन्या वेबकिटनं हात वर केले. क्रोमच्या व्ही-८ नं अमेरिकन रीतीनं आधी महिना धरला आणि ५ जुलै करून टाकलं. नियमाप्रमाणे दोघंही बरोबर. चूक फॉर्म बनवणाऱ्याची. त्यानं आपल्या टेबलावरच्या क्रोममध्ये, बहुधा पंचवीस तारीख न टाकता, एकदा चालवून बघितलं असणार आणि 'चालतंय' म्हणून सोडून दिलं असणार. पंचवीस टाकली असती तर पंचविसावा महिना नसल्यामुळे क्रोमनंही बोंब मारली असती. मला विचाराल तर या दोघांत नाकारणारा बरा. गुपचूप भलतं लिहिणारा घातकी.

हे सगळं कळलं रात्री. त्या संध्याकाळी मात्र मी नुसता अंधारात दगड मारत होतो. महिना अक्षरात लिहून पाहिला, तिरप्या रेघा देऊन पाहिल्या. चौकट घेईना. शेवटी तिनंच म्हटलं, "काका, उलटं लिहून बघू का?"

२००४-०५-०७. कॉम्प्युटरवर ७ मे आलं. तिनं आयफोनवर टाकलं, तिथंही ७ मे. प्रिंट घेतली, वीस रुपये दिले आणि शेवटची बस गाठायला पळाली. मॉनिटरच्या खाली मी तेव्हा चिकटवलेली चिठ्ठी अजून आहे: 'आधी वर्ष. नंतर महिना. मग दिवस. पैसे भरण्याआधी प्रिव्ह्यू.' शाई उडत आलीय, यंदा लॅमिनेट करून टाकली.